आग्रह करता आला नाही

गाडी नाशिकरोडला फार वेळ थांबत नाही, म्हणून कोणतं सामान आधी चढवायचं ते बाबांनी घरीच ठरवून दिलं होतं. आधी ट्रंक, मग वळकटी, मग लाडवांचा डबा, शेवटी मी. सगळं त्याप्रमाणे झालं. खिडकीपाशी उभी असलेली मावशी म्हणाली, "अगं, आईबाबांशी काहीतरी बोल." मी तोंड उघडलं. गाडी हलली तेव्हाही ते उघडंच होतं. फलाटावरच्या बायकांना वाटलं, पोरीचा कंठ दाटला. दाटला होताच, पण माझा तो लहानपणापासून दाटलेलाच होता.

जे माझ्यासारखे नाशिक सोडून गेले आणि जे मागे राहिले, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. लिहिताना मी अडखळत नाही.

बोलताना शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. जिभेला वेखंड लावून झालं, तोंडात खडे ठेवून पाढे म्हणून झाले, पोपटाने टोचलेले पेरू खाऊन झाले. पेरू गोड होते, एवढाच फायदा. शाळेत हजेरीला मी नुसता हात वर करायची. किराण्याला जाताना चिठ्ठी न्यायची. त्यातून याद्या करायची सवय लागली ती आजही आहे, आणि लोक तिला शिस्त म्हणतात.

अडखळणाऱ्या माणसाचं वाक्य समोरचा पुरं करून टाकतो. आई मायेने करायची, भाऊ घाईने. शब्द चुकीचा असला तरी मी मान हलवायची, कारण 'नाही' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून नको असलेला चहा मी पुष्कळ प्यायले आहे. एकट्या बाबांनी माझं वाक्य कधी पुरं केलं नाही. ते शाळामास्तर. हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवायचे, "चालू दे" म्हणायचे आणि थांबायचे.

लग्न ठरवताना बाबांनी माझ्या सासरी, जबलपूरला, सगळं स्पष्ट सांगितलं होतं. तिथल्या शेजाऱ्यांना मात्र ठाऊक नव्हतं. "भाभी मराठी हैं, हिंदी नहीं आती," असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं आणि मला आयता आडोसा मिळाला. भाजीवाल्यापुढे बोट दाखवायचं, मिश्रा भाभींपुढे हसायचं. पुढे हिंदी चांगली यायला लागली तेव्हा कळलं, तीही मराठीसारखीच अडकते.

नाशिकला द्वारका चौकाजवळ आमचं घर वरच्या मजल्यावर, आणि खाली गांगुर्डेकाकांचं दुकान. फोन त्यांच्याकडे. पहिल्यांदा मी इथल्या पोस्टातून ट्रंककॉल लावला तेव्हा काका "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि लाइन खराब म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पत्राने कळवलं. तेव्हा बाबांनी त्यांना सांगून ठेवलं की पलीकडून कोणी बोललं नाही तर फोन ठेवायचा नाही, आपल्याला हाक मारायची. मग काका जिन्याखालून ओरडायचे, "मास्तर, तुमच्या मुक्या मुलीचा फोन हाय." बाबा खाली यायचे, घरची खबरबात सांगायचे, मग गप्प राहून माझी वाट बघायचे. एकदोन वाक्यं तरी निघायचीच.

भाऊ सांगतो, एकदा पलीकडे मालेगावचा व्यापारी होता आणि लाइन खरंच खराब होती. बाबांनी त्याला आईच्या गुडघ्यांपासून लोणच्याच्या कैऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं. आवाज यायला लागल्यावर तो बिचारा म्हणाला, "ते समदं ठीक हाय, पण माल कधी पाठवता?"

मग आई गेली. भावाची बदली पुण्याला झाली. त्यानेही बोलावलं, पण बाबा एकटेच राहिले. मी दर पत्रात लिहायची, इकडे या, कायमचे या. उत्तरात सगळ्या गोष्टींना उत्तर असायचं आणि याला फक्त 'बघू'. माझे यजमान म्हणाले, "पत्रावर कोण बाप लेकीकडे राहायला येईल? आग्रह करावा लागतो. तोंडाने."

खरं होतं ते. आपल्याकडे पहिल्या बोलावण्याला नाहीच म्हणतात. मग पुन्हा म्हणायचं, रागवायचं, शपथ घालायची, समोरच्याला नकाराची उसंत द्यायची नाही. ज्याचा एक शब्द निघायला वेळ लागतो त्याने आग्रह कसा करावा? तरी मी तयारी केली. चार वाक्यं लिहिली, आठवडाभर स्वयंपाकघरात घोकली. एकटी असले की मला सगळं येतं.

फोन लागला. बाबांनी खबरबात सांगितली आणि ते थांबले. मी 'बाबा' म्हणायला गेले आणि ओठ मिटले ते उघडेचनात. मधेच ऑपरेटर म्हणाली, "समय हो गया, बढ़ाऊँ?" पलीकडून बाबांनीच उत्तर दिलं, "बढ़ाइए." त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. थकलेला वाटला मला.

मग ते म्हणाले, "तू सुखात आहेस, असंच ना? मग झालं तर. माझी काळजी करू नकोस."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं वाक्य पुरं केलं. ते माझं वाक्य नव्हतं. मी म्हटलं, "हो." हा शब्द माझा कधी अडकत नाही.

माझे हाल त्यांना बघवले नाहीत, की मी काय म्हणणार हे ओळखून त्यांनी नकाराची वेळ टाळली, हे मला माहीत नाही. पुढच्या थंडीत ते झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्या फोनच्या आधीच मी इथली मागची खोली लावून ठेवली होती. खिडकीखाली खाट, हाताला येईल अशी टोपीची खुंटी, उशाशी वर्तमानपत्रांना फळी. मुलं तिला 'नानाजी का कमरा' म्हणतात. पाहुणे आले की तिथे झोपतात. दर उन्हाळ्यात मी गादीला ऊन दाखवते आणि ती परत तिथेच घालते.

"आपका घर कहाँ है?" असं इथे अजूनही विचारतात. मी नाशिक म्हणते, आणि ते एका दमात येतं. पण म्हणताना डोळ्यांपुढे असते ही खोली, ज्यात ते कधी आले नाहीत.