धुतलेल्या गाड्या

आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात सतरा मोटारी होत्या आणि सतराच्या सतरा मळक्या होत्या. प्रत्येक गाडी तळहातावर मावेल एवढी, खऱ्या गाडीच्या एकास त्रेचाळीस मापाची. फ्रान्समध्ये चोवीस तासांची एक मोटार शर्यत होते. तिच्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी धावलेल्या गाड्यांच्या या प्रतिकृती. मी रेल्वेच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. नोकरीसाठी साताऱ्याकडून बनारसला आलो आणि इथलाच झालो. रेघ केसभर हलली तरी मला चैन पडत नसे. या गाड्यांत मला तसलंच काहीतरी सापडलं. दाराची फट, वायपरची काडी, चाकांच्या जाळीतल्या तारा, सगळं मापात.

मळ मात्र माझ्या बायकोचा.

ती बनारसचीच, बालाजी घाटाजवळच्या मराठी वस्तीत जन्मलेली, वेद शिकवणाऱ्यांच्या घरातली. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. मी पहिली गाडी आणली तेव्हा ती नवी कोरी चमकत होती. शेजारी मी त्याच गाडीचा शर्यत संपतानाचा फोटो ठेवला होता. तिने दोन्ही पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही तर घरातून निघालेलीच नाहीये. चोवीस तास पळाली ना ती? मग असली चकाचक कशी?"

मग तिनेच ते काम अंगावर घेतलं. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर गंगेचा गाळ साचतो. तो वाळवून मलमलच्या कपड्यातून गाळायची आणि बारीक कुंचल्याने चाकांच्या कमानींत भरायची. धुराड्यामागच्या काळ्या पट्ट्यासाठी निरांजनाची काजळी. काचेवर चिरडलेले किडे हवेत म्हणून जुना टूथब्रश पातळ रंगात बुडवून अंगठ्याने उडवायची. दाराचे आकडे नाजूक कागदी छाप असत. ते कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने जागेवर सरकवणं हेही तिचंच. एका गाडीला दीड-दोन वर्षं लागत. मी फोटो काढून ठेवायचो. तीस वर्षं आमच्या संध्याकाळी अशा गेल्या.

तीन वर्षांपूर्वी एका पांढऱ्या गाडीचा आकडा तिने उलटा लावला. मी हसलो, तीही हसली. काही महिन्यांनी चिमटा हातात घेऊन ती बराच वेळ बसून राहिली आणि मला विचारलं, "इसको कहाँ से पकड़ते हैं?" आमच्या घरात मराठीत हिंदी येतच असते, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पुढे डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. पुण्याची मुलगी म्हणाली, "बाबा, इकडे या दोघं." मी म्हणालो, "बघू." खरं सांगायचं तर मला वाटत होतं, मी नीट लक्ष दिलं की हे असंच थांबेल.

नोव्हेंबरात मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. शेजारच्या वहिनी तिच्यापाशी बसणार होत्या. त्यांना मध्येच घरी जावं लागलं. दुपारी परतलो तर दार नुसतं लोटलेलं. वर गच्चीत पाण्याचा आवाज येत होता.

गच्चीत ती उन्हात बसली होती. पुढे बादली, भांडी घासायची पावडर आणि एक टूथब्रश. वर्तमानपत्रावर गाड्या ओळीने वाळत घातलेल्या. अकरा-बारा झाल्या होत्या. एकीचंही अंग ओळखू येत नव्हतं. आकडे गेले होते, पट्टे गेले होते, आरसे आणि वायपर तुटून गेले होते, कुठे कुठे रंग खरवडून आतला राखाडी थर वर आला होता. तिच्या हातात उरलेल्यांपैकी एक लांब शेपटीची निळी गाडी होती, आणि ती तिच्या चाकांच्या कमानी मन लावून घासत होती.

मला पाहून तिचा चेहरा उजळला. "किती घाण होती हो यांच्यावर! आता बघा."

मी ओरडलो. काय बोललो ते सगळं इथे लिहिण्याची हिंमत नाही. "अक्कल आहे का तुला," असं म्हणालो, "तीस वर्षांचं वाटोळं केलंस," असं म्हणालो. तिच्या हातातून गाडी हिसकावून घेतली. तिचं बोट माझ्या नखाने ओरबाडलं.

ती उठून भिंतीला टेकली. दोन्ही हात जोडले. आणि मला म्हणाली, "माफ कर दीजिए भैया, हमसे गलती हो गई. हमको मालूम नहीं था आपकी है."

त्या क्षणी तिच्यापाशी जायला हवं होतं. मी गेलो नाही. मी बादलीपाशी बसलो. चहाची गाळणी आणून फेसाचं पाणी थोडं थोडं गाळू लागलो. एक आरसा सापडला, मग तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. ते मी रुमालावर मांडत राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही. मान वर केली तेव्हा गच्चीत मी एकटाच होतो. खाली आलो. घरात ती नव्हती आणि दार सताड उघडं होतं.

आमच्या गल्लीतून एक वाट चौकाकडे जाते, एक घाटाकडे. वहिनींनी त्यांच्या मुलाला चौकाकडे धाडलं, मी घाट उतरलो. पायात चपला नव्हत्या हे नंतर कळलं. बालाजी घाटावर कोणी तिला पाहिलं नव्हतं. एका नाववाल्याने विचारलं, "फोटो है, बाबूजी?"

मी फोन काढला. निळी गाडी समोरून, निळी गाडी मागून, चाक, बोनेट. शेकडो फोटो आणि त्यांत तिची फक्त बोटं. कुंचला धरलेली, चिमटा धरलेली, गाडी उचलून धरलेली बोटं. मी सरकवत गेलो, सरकवत गेलो. शेवटी मी त्याला तेच दाखवलं, तिची दोन बोटं आणि एक हिरवं दार. "चेहरा नहीं है?" तो म्हणाला. मी म्हणालो, "नहीं."

मग तोंडानेच वर्णन करत पुढे गेलो. नऊवारी नाही, साधी पिवळी साडी. केस पांढरे. उजव्या हाताला पावडर लागलेली असेल. मणिकर्णिकेपाशी लाकडांच्या थप्प्यांमधून वाट काढताना पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. दशाश्वमेधच्या गर्दीत प्रत्येक पिवळ्या साडीमागे धावलो. दोन बायका दचकल्या. मुन्शी घाटाच्या पायरीवर बसून मी मोठ्याने रडलो. शेजारी बसलेल्या पर्यटकांनी तोंड फिरवलं. मुलीला फोन लावावा असं वाटलं, पण तिला काय सांगणार होतो? आई हरवली तेव्हा मी गाळणीत आरसे शोधत होतो?

ती राजा घाटावर सापडली. एका फुलवालीजवळ बसली होती आणि तिला पानांच्या द्रोणांत झेंडू भरून देत होती. फुलवाली म्हणाली, "माताजी घर का पता नहीं बता पा रहीं."

मी समोर जाऊन उभा राहिलो. "अगं," म्हणालो. तिने अंग चोरलं आणि फुलवालीचा पदर धरला.

मग मी खाली बसलो आणि हिंदीत म्हणालो, "चलिए, हम आपको घर पहुँचा देते हैं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आप जानते हैं हमारा घर?"

"जानते हैं."

रिक्षात ती माझ्यापासून हातभर दूर बसली. वाटेत आपणहून म्हणाली, "हमारे यहाँ बहुत महीन काम होता है. ये करते नहीं हैं, हम करते हैं." मी म्हणालो, "हाँ, सुना है." बोटावरचा ओरखडा ती अंगठ्याने चोळत होती.

त्यानंतर ओरडलो नाही असं लिहायला मला आवडलं असतं. ओरडलो. परवाच ओरडलो, तिने माझा चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवला म्हणून. दाराला आता बाहेरून कडी आहे. बाजारात जाताना ती लावताना आतून तिचा आवाज येतो, "कौन है?" आणि मी उत्तर न देता जिना उतरतो. दिवसातला बराच वेळ मी तिच्यासाठी कोणीतरी भला भैया असतो. क्वचित सकाळी मराठी परत येतं. "अहो, चहा थंड होतोय," एवढंच. तेवढ्यासाठी मी पहाटेपासून जागा राहतो आणि बऱ्याचदा ते येत नाही.

मुलगी पुढच्या महिन्यात येणार आहे, आम्हाला न्यायला. डॉक्टर म्हणतात, जागा बदलली तर उरलेलंही जाण्याची शक्यता आहे. मुलगी म्हणते, नाही बदलली तर बाबा, तुम्ही जाल. दोघांचंही खरं असावं. मी अजून कोणालाच हो की नाही ते कळवलेलं नाही.