टाचेखालच्या अकरा ओळी

पारोळ्यात धुळे रस्त्याला हिलालचं दुकान आहे. ट्रॅक्टरची सीट, रिक्षाचं हूड, मोटारसायकलचं कव्हर, जे फाटेल ते हिलाल शिवतो. पस्तीस वर्षं शिवतो आहे, आणि पस्तीस वर्षं धुळ्याच्या शालिग्रामवर जळतो आहे. ही दोन्ही कामं त्याने एक दिवसही बंद ठेवली नाहीत, पोळ्यालासुद्धा नाही.

दोघे एकाच गुरूचे. धुळ्यात तोताराम नाना मोटारींच्या सीटा शिवायचे, त्यांच्या हाताखाली दोघे घडले. नाना शालिग्रामच्या कामावरून तळवा फिरवायचे आणि गप्प राहायचे. हिलालच्या कामावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "हिलाल, तुना धागा गळा दाबस रे. जरा सैल सोड." नानांचं ते गप्प राहणं हिलालच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं. पुढे शालिग्रामने काचेच्या दारांचं मोठं दुकान थाटलं, लांबलांबच्या गाड्या त्याच्या दारात उभ्या राहू लागल्या. धुळ्याकडून एखादी चकचकीत मोटार आली की हिलाल आधी तिच्या सीटा बघे, मग थुंके.

मागच्या हिवाळ्यात असोद्याच्या संघमित्राताई त्याच्याकडे आल्या. जळगावला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचे वडील, आबा, रेल्वेत इंजिनीअर होते. त्यांनी तरुणपणी एक लाल विलायती गाडी घेतली होती, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकलेली, शर्यतीची. आबा गेल्यावर ती वीस वर्षं पत्र्याखाली पडून राहिली. आता ताई तिला पुन्हा रस्त्यावर आणत होत्या. सोबत त्यांनी गाडीतला तळाचा गालिचा गुंडाळून आणला होता. गडद तपकिरी लोकरीचा, काठाला चामड्याचा गोट. चालवणाऱ्याच्या टाचेखाली मात्र तळहाताएवढं टक्कल पडलेलं.

"आबा गाडीत चप्पल घालत नसत," ताई म्हणाल्या. "बाहेर काढून ठेवायचे. अनवाणी टाचेनं झिजलंय ते. हाच गालिचा मला परत हवा. बाहेरचा एक धागा नको."

"सीटा कोण करतंय?"

"धुळ्याचे शालिग्रामभाऊ. गालिचाही दोन महिने त्यांच्याकडेच होता. मग म्हणाले, फेकून द्या, नवा टाका. माझं मन होईना."

हिलालच्या अंगावरून गार वारा गेला. शालिग्रामला जमलं नाही! पण लगेच चटकाही बसला. बाई ज्या सीटांवर बसणार त्या शालिग्रामच्या, आणि आपल्या वाट्याला काय, पाय ठेवायची जागा.

घरी बायको भिकुबाईने चहा ठेवला, तो तसाच राहिला. "शालिग्रामनं नाव निंघनं की तुमना चहा थंडा व्हस," ती म्हणाली.

हिलालने रिठ्याच्या पाण्यात गालिचा धुतला, सावलीत वाळवला. टक्कल कसं भरायचं ते त्याला वाळवतानाच सुचलं. सीटखाली जिथे कुणाची नजर जात नाही तिथले टाके उपसायचे आणि वाकड्या सुईने टाचेखाली भरायचे. धागा तोच, रंग तोच. असं शालिग्रामला सात जन्मांत सुचणार नाही, असं तो भिकुबाईला दोनदा म्हणाला. मग त्याने गालिच्याची सीटखाली जाणारी बाजू समोर घेतली, आणि हात थांबला. तिथले टाके आधीच थोडे उपसलेले होते. त्याने टाचेकडे पाहिलं. टकलाच्या कडेला अकरा ओळी भरलेल्या होत्या, इतक्या सफाईने की धुतानाही कळल्या नव्हत्या.

"बठ्ठं उसवी टाकस," हिलाल म्हणाला. "शालिग्रामना एक टाका ठेवत नही."

"उसवा," भिकुबाई म्हणाली. "मंग तारीफ बी बठ्ठी तुमनीच."

त्याने शेवटची ओळ उसवली. आपल्या हाताने भरली. लांब धरून पाहिली. नांगरलेल्या रानात एक रेघ वाकडी जावी तशी ती उरलेल्या दहांत दिसत होती. आवळलेली, दम कोंडलेली. पुढची ओळ उसवायला त्याने सुई खुपसली, पण ती वर येईना. त्या दहा ओळी त्याला हव्या होत्या, समोर ठेवायला. त्यांच्याकडे बघून तो पुढे भरू लागला. रोज थोडं, दाताखाली ओठ धरून, शालिग्रामला शिव्या देत, हात सैल सोडत. अठरा दिवस लागले.

गालिचा घेऊन तो असोद्याला गेला. केळीच्या बागेला लागून शेड होती, गाडी तिथेच. सीटा बसवायला शालिग्रामही आला होता. जाड भिंगाचा चष्मा, केस पिकलेले. हिलालने त्याच्याकडे पाठ केली. गालिचा अंथरला, कोपरे बसवले. ताई चपला बाहेर काढून वाकल्या आणि टाचेच्या जागेवरून हात फिरवू लागल्या. कडेपाशी हात थांबला.

"हिलालभाऊ, हे इथलं तर फार सुंदर झालंय!"

शालिग्राम छताकडे बघत होता. तो काही बोलणार नव्हता. हिलालनेही नुसती मान हलवली असती तरी सगळं त्याचं झालं असतं. पण शालिग्रामचं कौतुक आपण घ्यायचं? पस्तीस वर्षं जळलो ते त्याचं उष्टं खायला?

"तो भाग माझा नाही ताई," हिलाल तोडून बोलला. "ह्याचा आहे."

ताई चकित होऊन शालिग्रामकडे बघू लागल्या. तो हळूच खाली बसला. डोळ्यांनी न बघता नुसत्या बोटांनी ओळी चाचपू लागला.

"अकरा व्हत्यात," तो म्हणाला.

"एक उसवी मी."

"समजनं. हाई शे. गळा दाबेल शे."

हिलालचे कान तापले. "आणि तू काम कसाले सोडं? फेकी द्या म्हणे!"

"दिसत नही रे आते बारीक," शालिग्राम खालीच बघत म्हणाला. "ताईले कोणत्या तोंडे सांगू?"

मग त्याचा तळवा पुढे सरकला. वाकड्या ओळीच्या पुढे, हिलालच्या अठरा दिवसांवरून, पार दुसऱ्या कडेपर्यंत गेला, आणि परत आला. हिलाल त्या तळव्याकडे बघत होता.

शालिग्राम काहीच बोलला नाही. उठला आणि सीटचे नट हुडकू लागला.

संध्याकाळी भिकुबाईने विचारलं, "काय म्हने तो?"

"काहीच नही," हिलाल म्हणाला. "नाना राहेत तसाच गप्प व्हता. तेबी नानानीच नक्कल, चोट्टा!"

आणि कप उचलून त्याने गरम चहाचा घोट घेतला.