लॅपटॉपमधली पेटी

इस्लामपुरातल्या या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला स्क्रीन बघायचा कंटाळा. कलिंगड निवडावं तसा तो डोळे मिटून लॅपटॉपला कान लावतो.

आमच्या भजनी मंडळात मी लॅपटॉपवर पेटी वाजवतो. पट्टी दाबली की सूर मागाहून यायचा, तोही तडतडत. मंडळ माझ्यावर चिडायचं आणि मी लॅपटॉपवर. शेवटी लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन मी याच्याकडे आलो.

"मास्तर, ब्लूटूथचा स्पीकर कशाला? सूर चालत येतोय व्हय?" म्हणत त्याने वायर जोडली. लाईट जाईल या धास्तीने मी बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवायचो, तोही त्याने बंद केला. "उपाशी ठेवून पळवताय त्याला!"

तडतड थांबली. बोटाबरोबर सूर आला.

"वाजवा आता." तो टेबलावर ठेका धरून बसला. मी तरीही ठेक्याच्या मागेच.

तेवढ्यात आमचे पखवाजवाले नाना चौकशीला आले. "चूक कुणाची रं?"

"मशीनची, नाना. मास्तरांचा काय दोष न्हाई," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. नाना समाधानाने गेले.

मग लॅपटॉप माझ्या हातात देत तो हळूच म्हणाला, "आता सराव करा. नाना दुसऱ्यांदा फसायचं न्हाईत."