बांधापलीकडची निमा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जमतंय का? असेल. बसा जरा.

आधी निमाबद्दल सांगते. माझी धाकटी बहीण. अमळनेरजवळच्या आमच्या गावी कपाशी करते, मग हरभरा, एखाद्या वर्षी दादर ज्वारी. सासर सोडून आली तेव्हा गावाला वाटलं, ही आता चुलीपाशी बसेल. ती आमच्या वडिलांच्या, आबांच्या मागोमाग वावरात गेली आणि तिथलीच झाली. आज ती दुसऱ्यांची शेतं नफ्याने घेते, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून. पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ते शेत दुसऱ्याकडे जाऊ शकतं, तरी त्यात शेणखत टाकते. असं कोण करतं? कुणीच नाही. बाया हसतात, "लोकना वावरमा खत टाकस, येडी शे का तू?" ती म्हणते, "वावरले काय माहीत, ते कोनं शे!"

मी भुसावळला असते. मी व्यवस्थेची बाई. विम्याचे हप्ते, गॅसचं बुकिंग, कुणाच्या लग्नात काय आहेर केला — सगळं लिहून ठेवलेलं. माहेरची कामंही माझ्याकडेच यायची. आबा धुळ्याला दवाखान्यात होते तेव्हा डबा कोण आणणार, मुक्काम कोण करणार, हे मीच ठरवलं. निमाला गावी ठेवलं. कापूस वेचणीला आला होता, घरी बैल होते. बरोबरच होतं ना ते? बरोबर होतं. इथपर्यंत.

भाऊ पुण्याला. तो शेती करणार नाही, हे आबा जाणून होते. एका दुपारी ते मला म्हणाले, "निमाले इचार, वावर करी का ती? करी तर तिलेच देऊत."

फोन माझ्या हातातच होता — मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी परत विषय काढला. मी म्हणाले, "ती नही म्हणस, आबा."

त्यांनी खिडकीकडे कूस बदलली. मग म्हणाले, "जाऊ दे मंग. लोटनले दी टाका नफावर." लोटन नाना आमचे शेजारी. आबा त्यानंतर घरी आले नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर मी निमाला सांगितलं — आबांनी वावर लोटन नानांना द्यायला सांगितलंय. यातला एक शब्दही खोटा नव्हता. किती जपून बसवलं होतं मी ते वाक्य! ती नुसती "बरं, अक्का" म्हणाली आणि बैलांना पाणी दाखवायला गेली.

का केलं? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले — एकटी बाई, मजूर मिळत नाहीत, बोंडअळी पडते, नफ्याने दिलं की डोक्याला ताप नाही. कारणं चांगली आहेत. पण खरं? कसेल त्याची जमीन होते, याची मला भीती वाटली. आज निमा राबेल, उद्या गाव त्याला निमाचं वावर म्हणेल, आणि परवा माझ्या वाट्याचं नाव काढायची मलाच लाज वाटेल. बहिणीच्या मेहनतीची भीती — दुसरं काही नाही.

आणि तिने काय केलं? आमच्या वावराला लागूनचंच शेत नफ्याने घेतलं. मधे फक्त बांध. पावसात तो फुटला की भरायची — आपल्या बाजूने, आणि नानांच्याही. सकाळी ओरडायची, "नाना, तुमनी कपाशी अजून झोपेल शे का?" नाना तिकडून म्हणायचे, "तू ये ना मंग, उठाड तिले!" सगळे हसायचे. त्या बांधावर उभी राहून मीही हसले आहे.

यंदा नाना थकले, त्यांनी वावर सोडलं. निमाने घेतलं — आमच्याकडून, नफ्याने. भावाच्या आणि माझ्या वाट्याचे पैसे तिने आखाजीच्या आधीच पोचवले. मी ते घेतले.

आखाजीला माहेरी गेले. लेकींचा सण, आणि गेलेल्या माणसांचाही. निमाने आबांच्या नावाने घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, विस्तवावर पोळीचा घास ठेवून तूप सोडलं. चौकटीतून आमचं वावर दिसत होतं. त्यात खताचे ढीग ओळीने पडलेले. उन्हाळाभर तिने ओढलेले.

धूर चढला तशी ती म्हणाली, "आबा दखत व्हतीन ना, अक्का? त्यास्नी माले कधी इचारंच नही. वाटनं व्हई, बाईमाणूसले काय जमी. आते दखा म्हना!"

आणि हसली. त्यात तक्रार नव्हती. तुपाची वाटी तिने माझ्या हातात दिली. मीही तूप सोडलं.

आबांनी विचारलं होतं. सगळ्यांच्या आधी तिलाच विचारलं होतं.