लेकीबरोबर माझंही नाव घातलं

माझी लेक दुसरीत होती. एका दुपारी शाळेतून आली ती दप्तर न काढताच माठाकडं गेली आणि उभ्याउभ्या पेल्यामागून पेला पाणी प्यायली. बाटली सकाळीच संपली होती म्हणे.

"मग बाईंना सांगायचं ना, पाणी भरायचंय म्हणून," मी म्हणाले.

"इंग्लिशमधलं वाक्य आठवलं नाय," ती म्हणाली.

त्या शाळेत मराठीत बोलायची मनाई होती. आम्हीच मोठ्या हौसेनं तिला तिथं घातलं होतं. माझे यजमान गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला, मी घरी ब्लाऊज शिवते. आपलं शिकायचं राहिलं ते हिचं तरी होऊ दे, एवढाच आमचा विचार. पण घरात सारखी टुरटुर बोलणारी पोर हळूहळू गप्प होत चालली होती. कविता धडाधड म्हणून दाखवायची. अर्थ विचारला की मान खाली घालून फ्रॉकचं टोक पिळत बसायची. त्या दिवशी तिला घटाघटा पाणी पिताना बघितलं आणि वाटलं, हिला इथं ठेवण्यात अर्थ नाही.

शहागंजला बटणं, अस्तर आणायला जाताना वाटेत महापालिकेची एक शाळा लागायची. जुनी, ठेंगणी इमारत, पुढं कडुलिंब. त्या आठवड्यात तिथून जाताना आतून हसण्याचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून डोकावले. मुलं सतरंजीवर गोल करून बसलेली. एका गोलात चौथीची वाटावी अशी मुलगी पहिलीच्या पोराला चिंचोक्यांनी वजाबाकी समजावत होती. बाई कुठं दिसेनात. मग कळलं, त्या एका गोलात मुलांमध्येच बसल्या होत्या, दाराकडं पाठ करून.

त्या मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मी आत जाऊन लेकीबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुलीचं नाव घालू. पण तिच्याबरोबर तुमचंही घालावं लागेल."

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांच्या शाळेचा तसा रिवाजच होता. प्रत्येक घरातून कुणीतरी एकानं आठवड्यातून अर्धा दिवस वर्गात येऊन बसायचं. आई, बाप, आजोबा, कुणीही.

"मी बारावीपर्यंत शिकलेली बाई. मला काय शिकवता येणार?"

"शिकवायला मी आहे. तुम्ही ऐकायला या."

घरी सांगितलं तर जाऊबाई म्हणाल्या, "लोकं लेकरांना वर नेतात अन् तू खाली घेऊन चाललीस." दुसऱ्या दिवशी दुकानात निघताना चपला घालता घालता यजमानांनी एवढंच विचारलं, "तिथं तिला पाणी मागता येईल ना? मग घाल."

माझा वार गुरुवार ठरला. पहिल्या दिवशी बाईंनी मला एका कोपऱ्यात बसवलं. एकेक मूल पुस्तक घेऊन येणार, वाचणार, मी ऐकायचं. अट एकच. मूल अडलं तरी शब्द सांगायचा नाही. मला वाटलं, हे काय काम झालं? पहिलीच मुलगी 'पाऊलवाट' या शब्दाला अडली आणि माझ्या तोंडून तो शब्द निसटलाच. ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू तिच्या ताटातला घास मी उचलून खाल्ला. लांबून मोठ्या बाईंनी नुसतं ओठावर बोट ठेवलं.

गप्प बसणं किती अवघड असतं ते मला तिथं कळलं. मूल अडतं, तुमच्याकडं बघतं, भिंतीकडं बघतं, तुमचा जीव वरखाली होतो. आणि मग एकदम ते अक्षराला अक्षर जोडत शब्द बाहेर काढतं आणि त्याच्या तोंडावर जे येतं, ते बघायला मी गुरुवारची वाट पाहायला लागले. शिवणाची कामं मी बुधवारीच उरकून ठेवायची.

लेक तिथं रुळली, ती बोलण्यापेक्षा विचारायलाच जास्त लागली. बाई मुलांना गटागटानं बाजारात न्यायच्या, प्रत्येक गटाबरोबर एक पालक. कोणतं फळ कुठून येतं ते मुलांनी फळवाल्यांना विचारायचं आणि वर्गात परत येऊन जमिनीवर खडूनं नकाशा काढायचा. मोसंबीच्या गाड्यासमोर माझी लेक सगळ्यांच्या पुढं उभी राहिली. पाणी मागता न येणारी ती पोर त्या चाचांना विचारत होती, "मोसंबी आणता कुठून? झाडाला पाणी किती लागतं? तुम्हाला स्वतःला आवडते का?" चाचा हसून म्हणाले, "बेटा, चालीस बरस में ये किसी ने नहीं पूछा." आणि एक मोसंबं सोलून त्यांनी सगळ्यांना वाटलं.

सगळ्यांनाच हे पटत होतं असं नाही. आमच्यात एक रिक्षावाले भाई होते, त्यांचा मुलगा माझ्या लेकीच्याच गटात. पालकांच्या बैठकीत ते उभे राहिले. "बाई, बच्चे बाजार में फिरते, चिंचोके खेलते. घर को आके अभ्यास नक्को, कुछ नक्को. परीक्षा में क्या लिखेंगे?" मागून बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

बाईंनी वाद घातला नाही. "तुम्ही अजून एकदाही वर्गात बसला नाही, भाई. या गुरुवारी या. तुमच्याच मुलाचं ऐका."

गुरुवारी ते आले. खाकी सदरा, हातात किल्ली फिरवत, लगेच निघायच्या तयारीत. मुलगा समोर बसून वाचायला लागला. अडत होता, सुटत होता, परत अडत होता. भाईंची किल्ली फिरायची थांबली. खिचडीची वेळ झाली तरी ते उठले नाहीत. पुढच्या गुरुवारी मी पोचले तेव्हा त्यांची रिक्षा कडुलिंबाखाली आधीच उभी होती.

पावसाळा सरल्यावर कुणीतरी वर तक्रार केली, की या शाळेत मुलं शिकत नाहीत, नुसती हिंडतात. एक मोठे साहेब वर्ग बघायला येणार असा निरोप आला. त्यांना पटलं नाही तर गोल बंद, बाजार बंद. इतर शाळांसारखे बाक लावून, इयत्तेप्रमाणे बसवायचं. मोठ्या बाईंचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला.

त्या संध्याकाळी पालक जमले. एक जण म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मुलांना ओळीनं बसवू, चार उत्तरं पाठ करून घेऊ. साहेब खूश, आपण मोकळे." बऱ्याच जणांना ते सोयीचं वाटलं.

मी आयुष्यात कधी चारचौघांत बोलले नव्हते. पण उठले. म्हणाले, "ज्या शाळेतून मी माझी पोर काढली, तिथं हेच चालायचं. पाहुणा आला की पाठ केलेलं म्हणायचं. ते लेकरांना लई लवकर कळतं, की खरं नाय बोललं तरी चालतंय. आपली लेकरं रोज बसतात तशीच बसू द्या. आपण पण बसू."

मग रिक्षावाले भाई म्हणाले, "हौ. ताई सही बोलरी."

साहेब आले तेव्हा आम्ही सगळे पालक गोलांमध्ये बसलेलो होतो. माझे यजमानही दुकानातून सुटी घेऊन आले होते. साहेब करड्या चेहऱ्याचे, काखेत वर्तमानपत्र. त्यांनी पाठ्यपुस्तक मागितलंच नाही. वर्तमानपत्र उघडून एका बातमीवर बोट ठेवलं. "हे कोण वाचेल?"

माझी लेक उठली. जायकवाडीच्या जलाशयावर आलेल्या पक्ष्यांची बातमी होती. पहिली ओळ तिनं नीट वाचली. दुसऱ्या ओळीत 'स्थलांतरित' शब्द आला आणि ती थांबली. "स्थ..." म्हणाली आणि परत थांबली. साहेबांनी शब्द सांगायला तोंड उघडलं.

"साब," मागून रिक्षावाले भाई म्हणाले, "जरा ठैरो. पढरी वो."

साहेबांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण साहेब थांबले. लेकीनं बोट शब्दाखालून सरकवलं, ओठांतल्या ओठांत जुळवलं आणि म्हणाली, "स्थलांतरित." मग तिनं मान वर करून साहेबांनाच विचारलं, "सर, म्हणजे काय?"

साहेबांनी सांगितलं, जे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी राहायला जातात ते. हे पक्षी थंडीत लांबून इथं येतात. तेवढ्यात दुसऱ्या गोलातून एक मुलगी म्हणाली, "मग माझे बाबा पण स्थलांतरित. ते जालन्याहून आले." भाईंचा मुलगा म्हणाला, "मेरी अम्मी पण. ती परभणीची आहे." मग काय, सगळा वर्गच कोण कुठून आलं ते सांगायला लागला. लेकीनं साहेबांना विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी पैठणकडचा," म्हणत साहेबांनी बूट काढले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. त्यानंतर ते उठले ते मुलांबरोबर खिचडी खाऊनच.

निघताना मोठ्या बाईंना म्हणाले, "वर्ग असाच चालू द्या. मी तसं कळवतो. आणि इतर शाळांतले पालक बघायला पाठवतो तुमच्याकडं."

भाई पुढं झाले. "साब, देखने को नक्को भेजो. बैठने को भेजो."

साहेब पहिल्यांदा हसले. साहेबांमागं फाटक लागल्यावर आम्ही काय केलं ते मला धड आठवत नाही. मोठ्या बाई डोळे पुसत होत्या, यजमानांनी लेकीला खांद्यावर घेतलं होतं आणि कुणीतरी शहागंजातून गरम, पाकात बुडवलेली इमरती आणली होती एवढं आठवतं.

जूनमध्ये शाळेच्या दारात नाव घालायला रांग लागली. रांगेत जाऊबाई होत्या, धाकट्याचा हात धरून. मी त्यांना आत नेऊन बसवलं. मोडक्या बाकांनी भरलेली एक खोली वर्षानुवर्षं कुलूपबंद होती. पालकांनी ती रिकामी करून रंगवली. आणखी एक शिक्षिका मिळाल्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

मी फोन करून सोयगावला वडिलांना कळवलं. ते शेतकरी माणूस. "अध्यक्ष? तू?" म्हणाले आणि दोन दिवसांनी एसटीनं हजर झाले. गुरुवारी मी त्यांना शाळेत नेलं. मोठ्या बाईंनी त्यांच्यासमोर पहिलीचं एक पोरगं बसवलं. वडील पागोटं मांडीवर ठेवून, पुढं झुकून ऐकत राहिले. ते पोरगं दोनदा अडलं. वडील हलले नाहीत. पान संपल्यावर पोरानं विचारलं, "आजोबा, अजून एक वाचू?"

"वाच की," वडील म्हणाले. "मला काय घाई नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळची त्यांची गाडी होती. पिशवी भरलेली होती. चहा पिताना म्हणाले, "शाळा किती वाजता भरती?" आणि पिशवी कोपऱ्यात सारून पागोटं बांधायला लागले.