मोठ्या शब्दांचा धंदा

जळगावात तंबूतले सिनेमे येऊ लागले त्या काळात मी एका छापखान्यात हँडबिलं लिहायचो. राईचा पर्वत करणं हा माझा धंदाच होता. प्रत्येक खेळ ‘अभूतपूर्व’, प्रत्येक नटी ‘त्रिभुवनसुंदरी’, आणि दर आठवड्याला ‘शेवटचे तीन दिवस’. टांग्यात बँड वाजवत ती हँडबिलं गावभर उधळली जात. नशिराबादच्या बाजारातला भजीवालासुद्धा आपल्या भज्यांना ‘अद्वितीय’ म्हणू लागला, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आज त्या अभिमानाची किळस येते.

हीच खोड घरात शिरली. बायकोचं माहेर शिंदखेड्याकडचं. आईबाप गेलेले, एकुलता एक थोरला भाऊ, तेवढंच तिचं माहेर. लग्नानंतर तिला पहिल्यांदा पडसं झालं, तेव्हा मी मेहुण्याला कार्ड टाकलं : ‘प्रकृती अत्यंत चिंताजनक. असा भयंकर ताप आजवर पाहिला नाही.’ बिचारा कपाशीची निंदणी टाकून धावत आला. बहीण चुलीपुढे भाकरी थापत होती. तो हसला, तीही हसली, आणि मी तर सगळ्यांत जास्त हसलो. पुढच्या वर्षी तिच्या पायात काटा मोडला, तर मी ‘महासंकट’ लिहून मोकळा. तेव्हाही तो आला. जाताना एवढंच म्हणाला, “दाजी, तुमना कागद वाचीसन मना जीव उडी जास.”

तिसऱ्या वर्षी तिला खरा ताप भरला. छातीत कफ साचलाय, माहेरच्या माणसांना बोलावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. ती म्हणाली, “भाऊले लिखा.”

मी कार्ड पुढे घेऊन बसलो. त्याच सकाळी एका कसरतीच्या खेळाला ‘भयंकर’ आणि त्यातल्या विदूषकाला ‘जीवघेणा विनोदी’ लिहून आलो होतो. तेच शब्द तिच्या तापाला लावायची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच मी मोजकं आणि खरं लिहिलं : ‘बहिणीला ताप आहे. तुमची आठवण काढते. यावे.’

रोज गाडीच्या वेळेला ती विचारायची, “मना भाऊ उना का?” मी म्हणायचो, गाडी लेट असेल. तार करायचं सुचलं नाही असं नाही. पण कार्ड पोचलं असेल, तो निघालाच असेल, या भरवशावर मी मूर्खासारखा बसून राहिलो. चौथ्या दिवशी तिने विचारणं सोडलं. रस्त्यात टांगा थांबला की फक्त मान वळवायची. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

मी दुसरं कार्ड टाकलं, कोपरा फाडून. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. ते मिळताच तो अनवाणी आला. काखेत नवं लुगडं होतं. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. पण ते नेसवायला ती घरात राहिली नव्हती. आदल्याच दिवशी आम्ही राख सावडली होती.

तो ओट्यावर बसला. लुगडं कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मी विचारलं, “पहिलं कार्ड मिळालं नाही का हो?”

“भेटनं व्हतं, दाजी.” त्याने मान खाली घातली. “पडसाले तुम्ही भयंकर लिखं व्हतं. काटाले महासंकट. यामा तं नुसता ताप व्हता. मी म्हनं, यंदा काहीच नही.”

रागावला असता, माझ्या थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. लुगड्याची घडी नीट करत म्हणाला, “तो कागद वाचीसन त्या दिन मी पोटभर जेवनू, दाजी.”