ओरिजिनल जोडी

आमचे हे म्हणजे गरीब गाय. घरात संतापायचं खातं माझ्याकडे. जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला, पण कधी कोणावर आवाज चढवला नाही. जळका ट्रान्झिस्टर काढला की हे तो पकडीत चेचूनच कचऱ्यात टाकतात. का, तर कोणी उचलून त्यावर नवा नंबर छापू नये! लोक हसतात. मीही हसायचे.

गेल्या महिन्यात नाचाच्या बाईंचा अ‍ॅम्प्लिफायर आला. जुना, दगडासारखा दणकट. त्यावर त्यांचा क्लास चालतो, म्हणजे चूलच चालते म्हणा. आतले दोन मोठे ट्रान्झिस्टर गेले होते. ह्यांचा गुडघा धरलेला, म्हणून मी पेपरवाल्याला नंबर सांगून धाकट्या दिराच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवी जोडी मागवली. एरवी मी दिराला अहोजाहो करते, आज सांगताना करणार नाही. सोल्डरिंग गन धरायला ह्यांनीच शिकवलं त्याला!

जोडी बसवली. पहिल्यांदा करंट देताना हे नेहमी मध्ये एक बल्ब लावतात. आत काही शॉर्ट असेल तर तो भगभगतो. बल्ब शांत राहिला. बाई खुशीत सेट घेऊन गेल्या. आणि आठवड्याच्या आत भर क्लासमध्ये धूर! स्पीकरही गेले.

"नवीन टाकलेत म्हणालात ना?" बाई दारात उभं राहून म्हणाल्या. ह्यांना तोंडात मारल्यासारखं झालं.

ह्यांनी त्या जोडीवर थिनरचा बोळा फिरवला, तर वरचा नंबर पुसूनच गेला. करवतीने टोपी कापली. आत नखाएवढी चकती हवी, तिथे मोहरीएवढा ठिपका. म्हणजे हलक्या मालावर मोठा नंबर छापलेला! अहो, घरचा माणूस! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी चपला घातल्या. गुडघा विसरून हेही निघाले.

कापलेले ट्रान्झिस्टर ह्यांनी दुकानात काउंटरवर ठेवले. दीर ओशाळला. पण कशाला, ते ऐका.

"अरे दादा, पेपरवाला घेऊन गेला ना! तुझ्यासाठी आहेत हे माहीत असतं तर ओरिजिनल दिले असते." आणि खालच्या खणातून प्रेमाने डबी काढली.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ तसल्याच ट्रान्झिस्टरची पुडी खिशात टाकत होते. ह्यांनी त्यांचा हात धरला. "ती परत करा. ही डबी घ्या."

"दादा, ती तुझ्यासाठी..."

"ह्यांना दे!" हे ओरडले. एवढ्या संसारात मी पहिल्यांदा ऐकलं.

घरी येऊन ह्यांनी स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर उघडला. तरुणपणी दोघा भावांनी मिळून जोडलेला, फार जिवाचा. त्यातली जोडी काढून बाईंच्या सेटमध्ये घातली, वर आपले स्पीकरही दिले. बाईंचा क्लास सुरू झाला. आमच्या घरात सामसूम.

परवा दीर डबी घेऊन आला. "वहिनी, दादाच्या सेटसाठी आणलेत. ओरिजिनल आहेत, तुमची शपथ."

मी दारातच उभी राहिले. "आणि आज गिऱ्हाइकांना कोणते दिलेत, भाऊजी?"

त्याने डबीच पुढे केली. मी दार लावून घेतलं.